दोर कोणाच्या हातात आहे?

एप्रिल लागला की आमच्या अकोले तालुक्यात पुण्या-मुंबईच्या बसेस सुरू होतात. भंडारदऱ्याच्या बाजूला निवासी साहस शिबिरं. चार रात्री, पाच दिवस. पालक फोनवर विचारतात : जैन जेवण मिळेल का, कमोड आहे का, रोजचे फोटो ग्रुपवर टाकाल ना? आपल्या लेकराचा दोर धरणारा माणूस कोण, हे कुणीच विचारत नाही.

मी सांगतो. माझ्या ओळखीचा एक पोरगा आहे. नाव लिहीत नाही, उगाच त्याच्या पोटावर पाय नको. बीए झालाय, कळसूबाई अंधारातही चढेल. पहाटे पाचला पोरांना उठवतो. दिवसभर कड्यावर उभा राहून चाळीस जणांना रॅपलिंगने खाली सोडतो. प्रत्येकाचा हार्नेस ओढून बघतो, प्रत्येक कॅराबिनरचा स्क्रू तपासतो. रात्री शेकोटी झाली की दुसरी ड्यूटी. कुणाला ताप, कुणाला आईची आठवण, कुणाचं अंथरूण ओलं. ते तो गुपचूप बदलतो, सकाळी कुणाला पत्ता लागू देत नाही. डोळा लागतो दोनला. पाचला पुन्हा शिट्टी.

ह्याचे दिवसाला सातशे रुपये. माझ्या भाच्याची त्याच शिबिराची फी होती नऊ हजार. हिशोब करा. चाळीस मुलांना सांभाळणाऱ्याला पाच दिवसांचे जे मिळतात, ते एका मुलाच्या फीच्या निम्मेही नाहीत! नेमणूकपत्र नाही, विमा नाही. गेल्या मे महिन्यात घोटा मुरगळला, तर "बरा झालास की ये" म्हणून घरी धाडला. त्या दिवसांची मजुरी गेलीच.

वर ऐकवतात, "अहो, आवड आहे त्यांना डोंगराची." डॉक्टरलाही आवड असते की. म्हणून त्याची फी निम्मी देतो का आपण?

आणि प्रश्न नुसत्या पगाराचा नाही. तीन तास झोपलेला माणूस भर उन्हात चाळिसाव्या पोराचा हार्नेस तपासत असतो, आणि ते चाळिसावं पोरगं तुमचं असू शकतं.

नियम नाहीत असंही नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. नोंदणी, प्रशिक्षित माणसं, सुरक्षेची साधनं, सगळं कागदावर आहे. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासूनची. तिथे बेसिक आणि ॲडव्हान्स कोर्स झाल्यावर शिकवायचं कसं, याचा वेगळा कोर्स असतो. म्हणजे डोंगर चढता येणं निराळं आणि दुसऱ्याला सुखरूप उतरवणं निराळं. पण बेसिकलाच जवळपास चार आठवडे जातात. तेवढी मजुरी बुडवून हा जाणार कसा? मालकाने पाठवावं, तर मालक नवी झिपलाइन बांधण्यात गुंतलेत.

माणसं वाढवली तर फी वाढेल, हे मान्य. वाढू द्या. नाहीतर शेकोटी आणि टी-शर्ट कमी करा.

तेव्हा पालकहो, यंदा पैसे भरण्याआधी चारच प्रश्न विचारा. शिबिराची नोंदणी आहे का? प्रशिक्षकाने कुठला कोर्स केलाय? त्याचा विमा आहे का? आणि रात्रपाळीला वेगळा माणूस असतो का?

उत्तर देताना समोरचा अडखळला, तर पोराला मामाच्या गावाला पाठवा. विहिरीत पोहायला मामा शिकवेल, आणि मामा रात्री पुरेसा झोपलेला असेल.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी आहेच.