आजीचा वड आणि इंग्रजीचा धडा

गेल्या वर्षीं ज्येष्ठांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. प्रसंग अगदीं घरगुती आहे. परंतु ज्या ज्या घरांत आजी आणि इंग्रजी शाळेंत जाणारीं मुलें एका छपराखालीं नांदतात, त्या त्या घराशीं त्याचा संबंध पोंचतो असें वाटल्यावरून या महिन्यांत तोच वाचकांपुढें ठेवीत आहों.

धाकट्या बंधूंची कन्या सहावींत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची. शाळा उघडतांच तिला 'माझा आवडता सण' या विषयावर इंग्रजींत दहा वाक्यें लिहून आणावयास सांगितलीं होतीं. तिनें तीं पांच मिनिटांत लिहून काढलीं. वही आमच्या हातीं आली तेव्हां पाहतों तों, त्यांत नवे कपडे होते, मिठाई होती, 'रिलेटिव्ह्ज' आले होते, 'एंजॉय' हें क्रियापद तीन वेळां आलें होतें; आणि पहिल्या वाक्यांतलें गणेशचतुर्थीचें नांव झांकलें असतां सण कोणता हें ओळखण्यास कांहींएक उपाय नव्हता. त्या जागीं दिवाळी घाला, नाताळ घाला. निबंध जसाच्या तसा उभा! आणि हीच मुलगी भाद्रपदांत पहांटे आजीचें बोट धरून कुंपणाकडेला आघाडा शोधते, दूर्वा निवडते, मखराला पिवळ्या फुलांचे तुरे खोंचते. तें सारें कोठें गेलें असें विचारतां ती म्हणाली, "काका, त्याला इंग्लिशमध्यें शब्दच नाहींत."

हें उत्तर आमच्या मनाला फार लागलें. शब्द नाहींत हें खरें नव्हे. शब्द आहेत, ते तिला कोणीं दिले नाहींत, आणि न देणारांत आम्हीही आलोंच. आमच्या मागच्या पिढ्या तर्खडकरांच्या पाठमाला घोकून इंग्रजी शिकल्या; तीं वाक्यें रुक्ष खरीं, पण तीं मराठींतून इंग्रजींत व इंग्रजींतून मराठींत अशीं दोन्ही वाटांनीं जात असत. २००० सालापासून महाराष्ट्रांत मराठी शाळांतही पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी आलें. इंग्रजी माध्यमाच्या शाळा तर गल्लोगल्लीं झाल्या. मुलांचें इंग्रजी वाढलें यांत शंका नाहीं. परंतु त्या इंग्रजींत घर नाहीं. त्यांत सफरचंद आहे, बर्फाचा माणूस आहे. परसांतली रुई नाहीं. मूल जें डोळ्यांनीं पाहतें तें एका भाषेंत, आणि जें लिहितें तें दुसऱ्या भाषेंतलें दुसऱ्याच कोणाचें. हळूहळू त्याला असें वाटूं लागतें कीं, इंग्रजींत जें सांगतां येत नाहीं तें सांगण्याजोगेंच नसावें. धोका आहे तो येथें.

तें असो. वटपौर्णिमा चार दिवसांवर आली होती. आम्ही पुतणीस म्हटलें, "हें पान राहूं दे. घरांत येत्या पौर्णिमेला जें होणार आहे तें लिही. आवडता सण नसला तरी चालेल." प्रथम शब्द गोळा केले. वडाला इंग्रजींत 'बॅनियन' म्हणतात हें तिला ठाऊक होतें. परंतु तो शब्द गुजराथी 'वाणिया' पासून निघाला, वडाच्या सावलींत बसून व्यापार करणाऱ्या वाण्यांवरून गोऱ्या प्रवाशांनीं झाडालाच तें नांव दिलें, हें ऐकून तिला भारी गंमत वाटली. मग आम्ही मुंगसाची गोष्ट सांगितली. 'मंगूस' हा इंग्रजी शब्द आपल्या मराठी मुंगसावरूनच गेला आहे. अनेकवचन करतांना मात्र इंग्रजांना 'गूस'चें 'गीस' आठवून घोंटाळा होतो! (पुतणीनें त्या दिवशीं भेटेल त्याला हें सांगितलें.) पारंब्यांना 'एरियल रूट्स' म्हणतात, जमिनींत रुजून खांबासारख्या झाल्या म्हणजे 'प्रॉप रूट्स'. वडाचें फळ म्हणजे एक बंद पेटी असून फुलें तिच्या आंत असतात, आणि एक चिमुकली गांधीलमाशी आंत शिरून परागसिंचन करते. वडाची माशी वडाचीच, उंबराची उंबराची. हें 'इनसाइड', 'आउटसाइड', 'एंटर्स' अशा साध्या शब्दांनीं अकरा वर्षांच्या मुलीस सहज लिहितां आलें.

मग वाक्यें. पहिलें वाक्य तिनें लिहिलें : 'माय ग्रँडमदर गोज टु द बॅनियन ट्री.' आम्ही म्हटलें, "छान. नेहमीं घडणाऱ्या गोष्टीला साधा वर्तमानकाळ." ती पेन्सिल चावीत थांबली. म्हणाली, "पण काका, आजी जाते कुठें? ती फांदी आणते ना?"

वाचकहो, खरें सांगावयाचें तर आम्ही हें विसरलोंच होतों. मातोश्रींचे गुडघे धरल्याला आठ वर्षें झालीं. तेव्हांपासून पौर्णिमेच्या आदल्या दिवशीं दारावर फांद्या घेऊन येणाऱ्या बाईकडून एक फांदी घ्यावयाची, कुंडींत खोंचावयाची, तिलाच सूत गुंडाळावयाचें, असा क्रम पडला आहे. शहरांतल्या किती घरांत असाच पडला आहे हें आमच्या वाचकभगिनींना निराळें सांगावयास नको. व्याकरणाच्या दृष्टीनें मात्र तें वाक्य खोटें होतें. म्हणून आम्ही तिला 'यूज्ड टु' हा प्रयोग शिकविला : पूर्वीं नित्य घडे, आतां घडत नाहीं, त्यासाठीं. तिनें वाक्य खोडून दोन वाक्यें लिहिलीं : 'माय ग्रँडमदर यूज्ड टु गो टु द बॅनियन ट्री. नाउ शी बाईज अ ब्रँच.' आणि उठून तीं आजीला वाचून दाखवावयास गेली. आजीला इंग्रजी येत नाहीं. तेव्हां मराठी करून सांगणें आलें. "आजी, तूं आधीं झाडाकडे जायचीस. आतां तूं फांदी विकत घेतेस."

मातोश्री वाती वळीत होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. तीर्थरूप पलीकडे वर्तमानपत्र वाचीत होते, त्यांनीं तें खालीं केलें. आम्हांस वाटलें, पोरीच्या तोंडून उगाच जिव्हारीं लागण्यासारखें निघालें. घटकाभरानें मातोश्री म्हणाल्या, "फांदी कुणाची तोडली असेल, हें इतक्या वर्षांत मनांत आलं नाहीं बघ माझ्या."

त्या वर्षीं फांदी आलीच. सांगून ठेवलेली होती. निबंधास शाळेंत दहापैकीं सहा गुण मिळाले. आधींच्या निबंधासारखा निबंध लिहिणारांस आठ मिळाले होते. 'विषयास सोडून' असा शेरा होता. शिक्षिकाबाईंना दोष देण्यांत अर्थ नाहीं. पन्नास वह्या तपासणाराला ठराविक वाक्यें तपासणें सोपें जातें. पुतणी मात्र एक दिवस रुसून बसली, आणि तिची समजूत घालतांना आमच्यापाशीं फारसें भांडवल नव्हतें.

भाद्रपदांत हाच उद्योग आम्ही पुढें चालविला. गणपतीच्या एकवीस पत्री म्हणजे इंग्रजीचें एक चांगलें पुस्तकच आहे. एक पान 'लीफ', अनेक 'लीव्ह्ज', हें पाटीवर शिकण्यापेक्षां बेलाच्या त्रिदळावर शिकावें. रुईचें पान खुडलें कीं पांढरा चीक येतो; त्या कुळाला इंग्रजींत 'मिल्कवीड' म्हणतात, म्हणजे आपण जें पाहिलें तेंच त्यांनींही पाहिलें. त्याच रुईवर पट्ट्यापट्ट्यांचा सुरवंट सांपडला. त्याचें पुढें 'प्लेन टायगर' फुलपाखरूं होतें. आघाड्याचें नांव 'प्रिकली चाफ-फ्लॉवर'. 'प्रिकली' म्हणजे काय हें सांगावें लागलें नाहीं. परकराला चिकटलेल्या बियांनींच तें सांगितलें. दूर्वेला 'बर्म्युडा ग्रास' म्हणतात, जरी तें गवत मूळचें बर्म्युडाचें नव्हे. बेलापाशीं मात्र कोश दगा देतात. पुष्कळ कोशांत बेलाला 'वुड-ॲपल' म्हटलेलें आढळतें, आणि कंवठालाही तेंच. एका नांवानें दोन झाडें! अशा ठिकाणीं आम्ही पुतणीस 'बेल' हाच शब्द ठेवून पुढें 'विच हॅज थ्री लीफलेट्स' असें जोडावयास सांगितलें. संबंधी उपवाक्याचा धडा असा आपोआप झाला. धोत्रा व कण्हेर विषारी असल्यामुळें तेथें 'मस्ट नॉट' आलें, आणि घरीं येतांच हात धुणें आलें.

'मस्ट नॉट' मध्यें मातोश्रींचा हातखंडा! सूर्यास्तानंतर पान तोडूं नये. द्वादशीस तुळस खुडूं नये. एका झाडाचीं सगळीं फुलें घेऊं नयेत. नागपंचमीस नांगर धरूं नये, चिरूं नये, कापूं नये. पुतणीनें प्रत्येकापुढें 'व्हाय' लिहिलें व उत्तरें घ्यावयास आजीपाशीं बसली. "झाडं निजलेलीं असतात म्हणून," "तिलाही कांहीं राहायला हवं म्हणून," अशीं उत्तरें मिळालीं, आणि तीं 'बिकॉज' लावून तशींच लिहिलीं गेलीं.

येथें एक इशारा देणें आम्हांस अवश्य वाटतें. हल्लीं आपल्या प्रत्येक आचारामागें शास्त्र चिकटविण्याची हौस बोकाळली आहे. पिंपळ रात्रीं प्राणवायू सोडतो असें मुलांस बेलाशक शिकवितात. प्रकाशावांचून कोणतेंही झाड प्राणवायू सोडीत नाहीं. नाग दूध पीत नाहीं. दूध हें त्याचें अन्नच नव्हे, आणि तहानेनें व्याकूळ करून पाजलेलें दूध त्याला बाधतें. मुलाला इंग्रजींत हें लिहावयाचें असेल तर खरें लिहूं द्यावें. आजी असें मानते, आणि पुस्तक असें सांगतें. 'बिलीव्ह्ज' आणि 'इज' या दोन क्रियापदांतलें अंतर कळलें म्हणजे इंग्रजीही आलें आणि विचारही. आजीचा मान त्यानें कमी होत नाहीं. तिची "सगळीं फुलें घेऊं नयेत" ही आज्ञा कोणत्याही रसायनशास्त्राच्या टेकूवांचून उभी आहे.

ही पद्धत आमची नव्हे. ताराबाई मोडकांनीं व अनुताई वाघांनीं १९४५ सालीं बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी बालकांस शिकविलें तें शिंपले, खडे, बिया, पानें हेंच साहित्य हातीं घेऊन. तेथें प्रश्न इंग्रजीचा नव्हता. परंतु मूल ज्या अंगणांत आहे तेथूनच आरंभ करावा, हें तत्त्व कोणत्याही भाषेला लागू पडतें. १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पर्यावरण हा विषय सक्तीचा करण्याविषयीं निर्देश दिले, त्याप्रमाणें तो शाळांत आला. त्याच्या प्रकल्पवह्या दुकानांत तयार मिळतात, आणि त्यांतलीं चित्रें कापून चिकटविण्याचें काम बहुधा आईवडिलांकडे येतें! त्याविषयीं अधिक न लिहिणें बरें.

मधल्या बंधूंचें बिऱ्हाड मेलबर्नला आहे. त्यांच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवाला मराठी कळतें थोडें, बोलतां येत नाहीं. आजी दूरध्वनीवर "जेवलास का?" विचारते, तो "हो" म्हणतो, आणि दोघें एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहतात. पुतणीनें त्याला पत्राबरोबर आघाड्याच्या बिया धाडावयाचें ठरविलें, कारण 'प्रिकली' त्यालाही कळावें. परंतु ऑस्ट्रेलियांत परक्या बिया टपालानें आणण्यावर कडक निर्बंध आहेत. परकें तण माजूं नये म्हणून. तेव्हां बिया काढून ठेवाव्या लागल्या आणि सारें शब्दांनीं सांगावें लागलें. चार पानें झालीं. त्यांत आजीचीं 'व्हाय'चीं उत्तरें होतीं. तिकडून उत्तर आलें तें पुतणीला नव्हतें, आजीला होतें. झाडें निजतात तर उठतात केव्हां, आणि त्याच्या खिडकीबाहेरचा निलगिरी उठतांना त्याला कां दिसत नाहीं, असें त्यानें विचारलें होतें. पुतणीनें तें मराठींत वाचलें. मातोश्रींनीं उत्तर सांगितलें, तिनें इंग्रजी केलें, आम्ही फक्त एक 'द' घातला.

यंदा वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशीं फांदीवाली बाई दारावर आली, तेव्हां मातोश्रींनीं तिला चहा दिला आणि फांदी घेतली नाहीं. कोंकणांत त्यांच्या सासूबाई, पावसानें बाहेर पाऊल घालवेना अशा वर्षीं, पाटावर गंधानें वड काढून पूजीत असत, ती आठवण त्यांनीं सांगितली. सहाणेवर गंध उगाळून दिलें तें पुतणीनें. पाटावर वड काढला तो मातोश्रींनीं. पारंब्या फार झाल्या, असें तीर्थरूप म्हणाले. पुतणीनें छायाचित्र घेऊन मेलबर्नला पाठविलें, आणि खालीं काय लिहावें म्हणून आमच्याकडे आली. 'यूज्ड टु' आतां चालत नव्हतें, 'बाईज' ही चालत नव्हतें. बराच वेळ विचार करून तिनें 'ड्रॉज' लिहिलें.