वाट राखणारी माणसं हवीत

डब्लिनच्या मार्ले पार्कमधून एक पायवाट दक्षिणेला निघते, विकलोच्या डोंगरांतून सुमारे १३० किलोमीटर जाते आणि क्लोनेगल या छोट्या गावात उतरते. तिचं नाव ‘विकलो वे’. त्या डोंगरांतलं सर्वांत उंच शिखर लुग्नाक्विला ९२५ मीटरचं, आपलं कळसूबाई १६४६. उंचीच्या हिशेबात सह्याद्री कितीतरी पुढे आहे. मागे आहोत ते वाट सांभाळण्यात.

जे. बी. मलोन या जातिवंत भटक्यानं १९६६ मध्ये वृत्तपत्रातल्या लेखांतून या वाटेची कल्पना मांडली. पहिला टप्पा खुला व्हायला १९८० साल उजाडलं. आयर्लंडमध्ये कुणाच्याही जमिनीतून चालण्याचा सरसकट हक्क नाही, त्यामुळे मलोन यांना जागामालकांशी बोलून, त्यांचा होकार मिळवत वाट आखावी लागली. आज वळणावळणावर पिवळ्या चालणाऱ्या माणसाची खूण दिसते.

वाटेवरचं बरंचसं रान सिटका स्प्रूसचं, लाकडासाठी लावलेलं. झाड मूळचं उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं. रान संपलं की उघड्या माथ्यांवर पीटची दलदल लागते. हजारो बुटांखाली ती चिरडली जाते, म्हणून ग्लेंडालॉखच्या वरच्या कड्यावर जुने रेल्वे स्लीपर टाकून चालण्याची पट्टी केली आहे. पावसात मुक्कामासाठी तीन बाजूंनी बंद, पुढून उघडे असे लाकडी निवारे आहेत. ते ‘माउंटन मेहल’ या गटाच्या स्वयंसेवकांनी उभारले, गावच्या इर्जिकीसारखं एकत्र येऊन. तंबू ठोकायचा तर रस्ता, घरं यांपासून दूर; शेकोटी पेटवायची नाही.

आपल्याकडे काय होतं? हरिश्चंद्रगडावर सुट्टीच्या दिवशी तंबूंची दाटी, कोकणकड्याजवळ चुलींचे डाग, प्लास्टिकचा खच. मग एखादा अपघात होतो आणि बंदीचा आदेश निघतो. बंदीनं गर्दी थोपते, वाट मात्र सुधारत नाही. गड ज्या अभयारण्यात आहे, तिथं तंबूंच्या जागा ठरवून देणं, त्यांची संख्या बांधणं आणि शेकोटी पूर्ण बंद करणं वन विभागाला जमण्यासारखं आहे. पायथ्याच्या पाचनई आणि खिरेश्वर गावांतल्या तरुणांना वाटेच्या देखभालीचं वर्षभराचं पगारी काम द्यावं, आणि मुक्कामाच्या शुल्कातला ठरलेला वाटा त्याच कामासाठी राखून ठेवावा. सुरुवात या एका गडापासून, येत्या पावसाळ्याआधी करता येईल.