गृहिणी बैठी, मोलकरीण मध्यम

या आठवड्यात भालकी तालुक्यातल्या एका आरोग्य तपासणी शिबिरात फॉर्म भरून घेणाऱ्या मुलीने समोरच्या बाईला विचारलं, "अक्का, व्यायाम करता का?" बाई म्हणाली, "कुठला व्यायाम बाई, घरचंच सरंना." मुलीने 'व्यायाम'पुढे 'नाही' लिहिलं, 'व्यवसाय'पुढे 'गृहिणी' लिहिलं, आणि कामाच्या स्वरूपाच्या रकान्यात 'बैठं' या शब्दावर खूण करून पुढचा नंबर पुकारला. बाईच्या नखांच्या कडेला सकाळच्या भाकरीचं पीठ अजून वाळलेलं होतं.

त्याच आठवड्यात कलबुर्गीच्या एका वाचक भगिनीचा प्रश्न आला तो नेमका उलट टोकाचा. त्या मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये रोजचं खाणं नोंदवतात. झाडू, फरशी, भांडी, कपडे हे सगळं 'व्यायाम' म्हणून भरलं की अ‍ॅप चारशेच्या आसपास कॅलरी जळाल्याचं दाखवतं आणि तेवढं जास्त खायची मुभा देतं. काही महिने झाले, वजन तसूभर हललेलं नाही. "घरकाम धरायचं की नाही?" एवढंच त्यांना विचारायचं आहे.

धरायचं. पण एकदाच, आणि योग्य रकान्यात. शिबिरातल्या फॉर्मने घरकाम एकदाही धरलं नाही, अ‍ॅपने ते दोनदा धरलं. दोन्ही चुकांचं मूळ मात्र एकच आहे: घरकाम हे काम आहे, हे दोघांनाही सुचलेलं नाही.

हा काही शिबिरातल्या त्या मुलीचा दोष नव्हे. भारतीय पोषणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत व्यवसायांचा एक तक्ता वर्षानुवर्षे छापला जातो. कोणत्या धंद्यातल्या माणसाला किती अन्न लागतं हे ठरवण्यासाठी कामाचे बैठं, मध्यम आणि जड असे तीन प्रकार त्यात केलेले आहेत. स्त्रियांच्या बाजूला 'बैठं' या सदरात शिक्षिका, शिंपीण, अधिकारी, परिचारिका आणि गृहिणी. 'मध्यम'मध्ये मोलकरीण, हमाली करणारी, टोपल्या विणणारी, विणकर, शेतमजूर आणि बिडी वळणारी. 'जड'मध्ये दगड फोडणारी. या सदराच्या वाचकांनी तो तक्ता एकदा शांतपणे वाचावा. मोलकरीण आणि गृहिणी. एकीने दुसरीच्या घरची फरशी पुसली तर काम मध्यम, तिनेच घरी परतून स्वतःची फरशी पुसली तर काम बैठं. फडकं तेच, बादली तीच, आपल्या भागात तर फरशीही तीच शहाबादी. मधे बदलला तो फक्त पगार. स्नायूला पगार कळत नाही, गुडघ्याला तर नाहीच.

बिडी वळणारीचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. मांडीवर सूप घेऊन ती तासन् तास एका जागी बसून असते. तिची बोटं झरझर चालतात हे खरं, पण पाय हलत नाहीत. तरी ती मध्यम, कारण बिड्यांच्या हजारामागे तिला मजुरी मिळते. आणि औरादच्या खेड्यात पहाटे उठून शेण काढणारी, हौदावरून घागरी आणणारी, दहा माणसांच्या भाकरी थापणारी सून बैठी, कारण तिला कोणी काही देत नाही.

भाकरीपुरतंच बोलायचं तर कलबुर्गीने गेल्या काही काळात हा फरक साऱ्या देशाला दाखवून दिला आहे. तिथल्या बचत गटांच्या बायकांनी ज्वारीची कडक भाकरी 'कलबुर्गी रोट्टी' या नावाने बाजारात आणली. 29 जून 2025 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी त्यांचा उल्लेख केला आणि तिथे रोज तीन हजारांहून जास्त भाकरी होतात असं सांगितलं. त्या बायका काय करतात ते जवळून पाहावं. उकळतं पाणी पिठात ओतायचं, हात पोळेल इतक्या गरम उकडीला तळहाताने रगडायचं, गोळा परातीत टाकून एका हाताने फिरवत दुसऱ्याने थापायचं, पाणी फिरवून तव्यावर उलटायचं, आणि कडक करायची म्हणून निखाऱ्याजवळ उभी करून ठेवायची. खांद्यापासून मनगटापर्यंत सगळा हात कामाला लागतो. या बायकांना कोणीही 'व्यायाम करता का' विचारून गप्प करत नाही, आणि त्यांनी भाकरी थापण्याच्या कॅलरी अ‍ॅपमध्ये वेगळ्या भराव्यात असंही कोणाला वाटत नाही. त्यांचं ते काम आहे. दिवसाच्या हिशोबात ते आपोआप धरलं जातं. घरची चूल सांभाळणाऱ्या बाईला नेमकं एवढंच हवं आहे.

आता आकडे, कारण आकड्यांशिवाय हे सदर पुढे जात नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020 च्या शिफारशींत 55 किलोच्या स्त्रीला बैठ्या कामासाठी रोज 1660, मध्यम कामासाठी 2130 आणि जड कामासाठी 2720 कॅलरी दिल्या आहेत. बैठं आणि मध्यम यांत 470 चा फरक. म्हणजे फॉर्मवरची एक खूण चुकली की बाईच्या ताटातल्या दोन भाकरी आणि वर वाटीभर वरण एवढा हिशोब चुकतो.

घरकामाच्या कॅलरी काढायला अ‍ॅपवाले बहुधा 'मेट' हे माप वापरतात. स्वस्थ बसलेला माणूस किलोमागे तासाला साधारण एक कॅलरी खर्च करतो, तो 1 मेट. कोणत्या कामाला किती मेट याची यादी अमेरिकेतल्या संशोधकांनी 1993 मध्ये प्रथम केली आणि ती नंतर सुधारत गेली. 2011 च्या यादीप्रमाणे झाडलोट 3.3, हाताने कपडे धुणं-वाळत घालणं 4, उभ्याने भांडी घासणं 1.8, हलका स्वयंपाक 2. ज्वारीची भाकरी थापण्याची नोंद त्या यादीत नाही. ती हलक्या स्वयंपाकात घातली तर 2, मध्यम कष्टाच्या स्वयंपाकात घातली तर 3.5. 55 किलोच्या बाईने तासभर भाकरी केल्या तर एका हिशोबाने 110 कॅलरी आणि दुसऱ्याने 190 च्या वर. आपल्या घरातलं मुख्य काम ज्या यादीत नाही, तिच्यावर विसंबून भाकरी-भाकरीचा हिशोब ठेवणं कठीणच.

तरीही कमीत कमी आकडे धरून त्या वाचक भगिनीचा दिवस मांडू. 40 मिनिटं झाडू-फरशी, 30 मिनिटं कपडे, 40 मिनिटं भांडी, तासभर स्वयंपाक. बेरीज सुमारे 407 कॅलरी. अ‍ॅप जवळपास हाच आकडा दाखवतं. पण त्या 170 मिनिटांत त्या नुसत्या बसून राहिल्या असत्या तरी सुमारे 156 कॅलरी गेल्याच असत्या. कामामुळे जादा गेल्या त्या अडीचशे. आणि त्या अडीचशे तर 2130 च्या आकड्यात आधीच धरलेल्या आहेत, कारण अ‍ॅप सुरू करताना त्यांनी आपली जीवनशैली 'मध्यम' अशी निवडली होती. त्यावर पुन्हा 407 चढवले की आकडा 2537 वर जातो, म्हणजे शहाबादच्या खाणीत दगड फोडणाऱ्या बाईच्या रांगेच्या जवळ. वजन हलेना यात आश्चर्य नाही. दुकानदाराने तोच माल दोन वह्यांत लिहिला तर शिल्लक जुळणार कशी?

म्हणून उत्तर सरळ आहे. जीवनशैली 'मध्यम' निवडली असेल तर रोजचं घरकाम व्यायामात भरू नये. जे रोजचं नाही तेवढंच वर भरावं: संध्याकाळची फेरी, सायकल, दिवाळीआधी सगळं घर धुवून काढण्याचे दोन दिवस. येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) आदल्या रात्री भज्जी, आंबील, उंडे करत बायका जागतात, तेही हवं तर भरावं. आणि घरात वॉशिंग मशीन असेल, झाडू-फरशीला बाई येत असेल, नळ ओट्यावर असेल, तर प्रामाणिकपणे 'बैठं' निवडावं. गृहिणी म्हटलं की मध्यम, असंही नाही. कलबुर्गीच्या फ्लॅटमधली गृहिणी आणि हुलसूरजवळच्या वाड्यातली गृहिणी यांना एकाच खुणेत बसवणं हीच तर त्या तक्त्याची चूक आहे.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट: भाकरी वजनावर मोजू नये. मऊ भाकरीत पाण्याचा वाटा बराच असतो, कडक भाकरीतलं पाणी उडून गेलेलं असतं. त्यामुळे 100 ग्रॅम कडक भाकरी म्हणजे 100 ग्रॅम मऊ भाकरीपेक्षा कितीतरी जास्त अन्न. पीठ मोजावं. 60 ग्रॅम पीठ म्हणजे साधारण 200 कॅलरी, मग भाकरी मऊ असो की कडक.

हे झालं कॅलरीचं. हृदयाचा हिशोब वेगळा, आणि तिथे घरकामाचं पारडं जड आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आणि सलग दहा मिनिटांची जुनी अट काढून टाकली. मध्यम म्हणजे 3 ते 6 मेट. झाडलोट त्यात बसते, हाताने कपडे धुणं बसतं, भांडी आणि हलका स्वयंपाक बसत नाही. 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 17 देशांतल्या, भारतासह, एक लाख तीस हजार लोकांच्या अभ्यासात मैदानावरची हालचाल आणि घर-शेत-कामावरची हालचाल, दोन्हींचा आयुष्याला फायदा दिसला. उलट बाजूही सांगायलाच हवी. 2013 मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या साडेचार हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत जे घरकामाची मिनिटं जास्त सांगत होते त्यांचं वजन कमी नव्हे, जास्त निघालं. काम हलकं असेल आणि आपण ते जड समजून जेवत असू, तर असं होणारच.

हृदयानंतर गुडघे. कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य योजनेचा तांदूळ 2013 पासून घरोघरी आला आणि ज्वारी मागे पडली, हे या सदराचं जुनं दुखणं वाचकांना माहीत आहे. ज्वारीबरोबर परातीपुढे उकिडवं बसणंही गेलं आणि चाळिशीतल्या बायकांचे गुडघे आखडले, असं या सदराचं मत आहे. त्याला पुरावा तोकडा आहे. पण बीदरच्या कोणत्याही लग्नात पंगतीला खाली बसू न शकणाऱ्या बायका मोजाव्यात, आणि त्यांच्या सासवा अजून कशा बसतात तेही पाहावं.

'बैठं' ही खूण चुकीच्या बाईवर पडली तर नुकसान वजन वाढण्यापेक्षा मोठं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, देशातल्या 24 टक्के स्त्रिया जाड निघाल्या आणि जवळपास 19 टक्के प्रमाणापेक्षा हडकुळ्या. 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांत रक्त कमी होतं. भालकीच्या शिबिरातली ती अक्का हडकुळी होती. तिला 1660 चा तक्ता हातात मिळाला तर आधीच सगळ्यांच्या मागून जेवणारी ती बाई आणखी एक भाकरी कमी करील, आणि कोणी विचारलं तर डॉक्टरांनीच सांगितलं म्हणेल.

केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरच्या, घरकामात हात लावणाऱ्या स्त्रिया दिवसाला 289 मिनिटं त्यात घालवतात, पुरुष 88. बाईला 'आठवड्याला 150 मिनिटं चाला' असं सांगायचं तर ती मिनिटं रोजच्या या 289 मधूनच निघायला हवीत. नवऱ्याने किंवा मुलाने रोज अर्धा तास झाडू आणि भांडी घेतली तर तिला चालायला वेळ मिळेल, आणि त्यांनाही ती हालचाल लाभेल. त्यांची ती हालचाल नवी असेल, त्यामुळे त्यांनी ती अ‍ॅपमध्ये व्यायाम म्हणून खुशाल भरावी.

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत शिबिरं भरवणाऱ्या डॉक्टरांना आणि संस्थांना या सदराची एकच विनंती आहे. पुढच्या फॉर्मवर 'गृहिणी' या शब्दाखाली तीन प्रश्न छापा: पाणी कुठून आणता, कपडे हाताने धुता का, रोज किती माणसांच्या भाकरी करता. उत्तरं ऐकून मगच बैठं की मध्यम ते लिहा.