आधी थांबा नीट करा

आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये सायकल ट्रॅकची घोषणा किलोमीटरमध्ये होते आणि बससेवेची घोषणा गाड्यांच्या संख्येत. दोन्हींच्या फायली वेगळ्या, उद्घाटनंही वेगळी. पण सायकलवाला आणि बसचा प्रवासी रोज एकाच ठिकाणी जीव मुठीत धरतात, ते म्हणजे बसथांबा. तिथे लक्ष द्यायला मात्र कुणाला सवड नाही.

पहिली पाळी सुटते तेव्हा टेल्को रोडवर किंवा चिखलीच्या बाजूला स्पाइन रोडवर थोडा वेळ उभं राहून बघा. शेडपुढे दोन रिक्षा, एक टेम्पो आणि 'पाच मिनिटांत येतो' म्हणून कुणीतरी लावलेली चारचाकी. बस येते, पण तिला कडेला लागायला जागाच नसते. मग ती भर रस्त्यात तिरकी उभी राहते आणि प्रवासी शेड सोडून तिच्यामागे धावतात. तेवढ्यात हँडलला डबा अडकवलेला कामगार डावीकडून सायकल मारत येतो. उभ्या गाड्या आणि बस यांच्या फटीत घुसला, तर उतरणाऱ्यांच्या अंगावर जाणार. बसला उजवीकडून वळसा घातला, तर मागून येणाऱ्या डंपरच्या पुढ्यात. त्यात कंडक्टरने डबल बेल दिली की बसही उजवीकडेच दबत निघते. यात ना सायकलवाल्याचा बेशिस्तपणा आहे ना ड्रायव्हरचा. त्या जागेची रचनाच अशी आहे की कुणीतरी चुकणारच.

तक्रार कुणाकडे करायची? बस पीएमपीची, रस्ता महापालिकेचा, नो-पार्किंगची कारवाई वाहतूक पोलिसांची. तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवायला याहून सोयीची जागा नाही. पण महापालिकेला इथे हात झटकता येणार नाहीत. पुण्याची पीएमटी आणि आपली पीसीएमटी यांचं विलीनीकरण होऊन 2007 साली पीएमपीएमएल, म्हणजेच आजची पीएमपी, झाली. तिच्यात पुण्याचा वाटा 60 टक्के आणि पिंपरी-चिंचवडचा 40 टक्के. रस्ता शंभर टक्के आपला आणि बसही चाळीस टक्के आपली.

बस कमी आहेत हे खरंच आहे. केंद्राच्या निकषानुसार चांगल्या सेवेसाठी लाख लोकसंख्येमागे 60 बस हव्यात. 2011 च्या जनगणनेत दोन्ही शहरं मिळून साधारण साडेअठ्ठेचाळीस लाख माणसं होती. म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने 2,900 बस लागतात, आणि ताफा आजही दोन हजारांच्या आसपास घुटमळतो. त्यात जून 2025 मध्ये मासिक पास 900 वरून 1,500 रुपयांवर गेला. त्याच पैशात शंभरीपार गेलेलं पेट्रोलही चौदा लिटर येतं आणि साधी मोटारसायकल महिनाभरात सहाशे किलोमीटर सहज जाते. कामगार हा हिशेब तोंडी करतो आणि हप्त्यावर गाडी घेतो. रस्त्यावर आणखी एक दुचाकी वाढते, सायकलवाला आणखी कडेला रेटला जातो आणि थांब्यापुढे आणखी एक गाडी लागते. बस आणि सायकल यांची दुखणी अशी एकमेकांत अडकलेली आहेत.

बस वाढवायला वर्षं लागतील. थांबा दुरुस्त करायला एखादा उन्हाळा पुरे. फूटपाथ थांब्यापुरता पंचवीस-तीस मीटर रस्त्यात पुढे आणायचा, म्हणजे बस लेन न सोडता त्याला टेकते. तो बसच्या पायरीच्या उंचीचा केला, तर म्हातारी माणसं आणि पोरांना कडेवर घेतलेल्या बायका आधाराविना चढतात. सायकलची वाट शेडच्या मागून काढायची, म्हणजे बस आणि सायकल यांची गाठच पडत नाही. थांब्याजवळ रस्ता ओलांडायला उंचवट्याची पट्टी हवी आणि सायकल साखळीने बांधायला चार लोखंडी कमानी. घर ते थांबा दोन किलोमीटर असेल, तर ही कमान नव्या बसइतकीच उपयोगाची. शिवाय फूटपाथ पुढे आला की त्या जागी चारचाकी लावताच येत नाही, पोलीस असो वा नसो.

'बस लेनमध्ये थांबली तर मागची वाहतूक खोळंबेल', हा आक्षेप येणारच. पण आज तिरकी उभी राहणारी बस दोन लेन अडवते, तेव्हा काय वेगळं होतं? दुकानदारांचा विरोध जास्त चिवट असेल. त्यांना सांगायला हवं की चारचाकी लावून येतं एक गिऱ्हाईक, बसमधून उतरतात वीस.

बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखून ठेवलेल्या मार्गाचा, अनुभवही गाठीशी आहे. सांगवी-किवळे मार्ग 2015 मध्ये सुरू झाला, निगडी-दापोडी 2018 मध्ये. बसला हक्काची जागा मिळाली की ती वेळेवर येते, हे तिथे दिसलं. पण थांब्यापर्यंत पोचायला माणसाला भरधाव गाड्यांमधून पळावं लागलं, तर त्या जागेचा निम्मा उपयोग वाया जातो, हेही दिसलं. आता मेट्रो निगडीकडे निघाली आहे. तिच्या स्थानकांखालचे थांबे आत्ताच नीट आखले नाहीत, तर तीच चूक नव्याने ओतलेल्या काँक्रीटमध्ये पक्की होईल.

तेव्हा या वर्षी रंगवलेल्या ट्रॅकचे किलोमीटर नकोत. प्रत्येक प्रभागातले सर्वांत वाईट दहा थांबे निवडा, त्यांची यादी जाहीर करा आणि प्रत्येकापुढे काम संपायची तारीख लिहा. महापालिका, पीएमपी आणि वाहतूक पोलीस या तिघांनी पाहणी एकत्रच करावी. फक्त ती नेहमीसारखी सकाळी अकराला ठेवू नका, पाळी सुटते त्या वेळी ठेवा. आणि साहेबांनी येताना गाडीतून नको, बसने यावं.