गाडीच्या काचेवरची बंदूक

अमेरिकेत टेक्सास राज्यात राहणाऱ्या आमच्या एका वाचकाचे पत्र नुकतेच आले. मूळचे ते रत्नागिरी जिल्ह्यातले. गेली अठरा वर्षे ह्यूस्टनजवळच्या एका उपनगरात राहतात. त्यांनी एक वापरलेला पिकअप ट्रक विकत घेतला. गाडी चांगली, किंमतही रास्त. फक्त मागच्या काचेवर पहिल्या मालकाने लावलेला एक स्टिकर होता. त्यावर रायफलचे काळे चित्र आणि खाली तीन-चार शब्द : ‘या आणि घेऊन जा’. म्हणजे, हिंमत असेल तर माझी बंदूक काढून घेऊन दाखवा.

पत्रलेखकांच्या घरात बंदूक नाही. कधी घेण्याचा विचारही नाही. त्यांनी पहिल्याच रविवारी स्टिकर खरवडून काढायचे ठरवले, तर सतरा वर्षांचा मुलगा आडवा आला. तो म्हणाला, “अब्बा, आपल्या गल्लीत चार गाड्यांवर असे स्टिकर आहेत. त्यांना कोणी काही विचारत नाही. आपण मुसलमान आहोत म्हणून काढायचा का?” त्याची आई हिजाब वापरते आणि बाजारहाटासाठी हाच ट्रक चालवते. तिचे म्हणणे एवढेच की रस्त्यात पोलिसांनी गाडी थांबवली तर खिडकीशी मीच असेन, तू नाहीस. पत्राच्या शेवटी आमच्या वाचकाने विचारले आहे : “स्टिकर ठेवावा की काढावा, आणि काढला तर मुलाला कारण काय सांगावे?”

प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड आहे. त्यांच्या परवानगीने, नाव न देता, तो येथे चर्चेला घेत आहोत.

प्रथम त्या स्टिकरविषयी. ‘या आणि घेऊन जा’ हे वाक्य टेक्सासमध्ये कोणी काल-परवा घडवलेले नाही. १८३५ च्या ऑक्टोबरमध्ये गोंझालेस या गावातल्या वसाहतवाल्यांकडून मेक्सिकोच्या सैन्याने एक छोटी तोफ परत मागितली. संरक्षणासाठी म्हणून ती त्यांना आधी देण्यात आली होती. गावकऱ्यांनी नकार दिला, एका पांढऱ्या कापडावर तोफेचे चित्र काढले आणि हे शब्द लिहिले. टेक्सासच्या स्वातंत्र्ययुद्धाची सुरुवात त्या चकमकीपासून मानतात. आज तोफेच्या जागी रायफल आली आहे आणि मेक्सिकोच्या सैन्याच्या जागी स्वतःच्याच देशाचे सरकार. तरीही शेजाऱ्याच्या गाडीवरचा हा स्टिकर पाहून तो कोणाला मारायला निघाला आहे असे समजणे चूक ठरेल. पुष्कळांसाठी ती प्रांताभिमानाची खूण असते.

आता हक्काविषयी. अमेरिकी राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ ची. शस्त्र बाळगण्याचा हक्क मिलिशियापुरता की प्रत्येक व्यक्तीचा, यावर दीर्घकाळ वाद होता. २००८ मध्ये हेलर खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क आहे असा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी दिला. टेक्सासमध्ये तर २०२१ पासून बहुतेक प्रौढांना परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येते. स्टिकरचा प्रश्न मात्र शस्त्राचा नसून बोलण्याचा आहे, आणि त्याला पहिल्या दुरुस्तीचे, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे.

गाडीवरील मजकुराच्या संदर्भात १९७७ चा एक निकाल आठवण्याजोगा आहे. न्यू हॅम्पशायर राज्याच्या नंबरप्लेटवर ‘स्वतंत्र जगा, नाही तर मरा’ असे घोषवाक्य छापलेले असे. जॉर्ज मेनार्ड हे यहोवाज विटनेसेस या लहानशा ख्रिस्ती पंथाचे. ते वाक्य त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हते, म्हणून त्यांनी ते झाकले. त्यांना दंड झाला. तो भरायला नकार दिला म्हणून पंधरा दिवस तुरुंगवासही झाला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नागरिकाला स्वतःच्या गाडीवर सरकारची विचारसरणी मिरवायला राज्य भाग पाडू शकत नाही. गाडीवर काय बोलायचे हे नागरिकाने ठरवायचे आणि काय बोलायचे नाही हेही त्यानेच ठरवायचे. तेव्हा हक्काच्या प्रश्नावर मुलाचे बरोबर आहे. तो स्टिकर ठेवण्याचा अधिकार त्याच्या कुटुंबाला शेजाऱ्याइतकाच आहे.

पण आईचेही चूक नाही. कागदावरचा हक्क आणि रस्त्यावरचा हक्क यांत अंतर असते, हे अमेरिकेच्या इतिहासातच लिहिलेले आहे. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पक्षाचे कृष्णवर्णीय तरुण कायद्याने मुभा असलेल्या बंदुका उघडपणे घेऊन पोलिसांच्या गस्तीवर नजर ठेवू लागले, तेव्हा भरलेले शस्त्र सार्वजनिक जागी उघड बाळगण्यावर बंदी घालणारा कायदा तातडीने झाला. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. २०१६ च्या जुलैमध्ये मिनेसोटात फिलांडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय माणसाची गाडी पोलिसाने थांबवली. आपल्याकडे पिस्तूल आहे, असे त्याने स्वतःहून, शांतपणे सांगितले. त्याच्याकडे परवानाही होता. काही सेकंदांत पोलिसाने गोळ्या झाडल्या. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. पुढच्या वर्षी तो पोलीस खटल्यातून निर्दोष सुटला.

मुस्लिम कुटुंबांच्या मनात आणखी एक आठवण आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलायनातील चॅपल हिल येथे तीन तरुण मुस्लिम विद्यार्थ्यांना त्यांच्या शेजाऱ्याने घरात शिरून ठार केले. निमित्त पार्किंगच्या जागेचे सांगितले गेले. विद्यार्थ्यांच्या नातेवाइकांनी मात्र ते कधीच पुरेसे मानले नाही. आरोपीने २०१९ मध्ये गुन्हा कबूल केला आणि त्याला जन्मठेप झाली. अशा घटनांनंतर काही अमेरिकी मुसलमानांनी स्वसंरक्षणासाठी बंदूक घेतली. त्यांना कोणी भारतात बसून नावे ठेवू नयेत.

म्हणजे भीती खरी आहे. तरीही ‘भीती वाटते म्हणून काढ’ हे कारण आम्ही मुलाला सांगणार नाही. सतरा वर्षांच्या मुलाला असे सांगितले की तो त्यातून एकच गोष्ट शिकतो : शेजाऱ्याला आहे ते नागरिकत्व आपल्याला नाही. आज स्टिकर काढला, उद्या नाव लहान केले, परवा शाळेत डब्यात काय आहे ते लपवले. ज्या अल्पसंख्य समाजाला समान नागरिक म्हणून जगायचे आहे त्याने स्वतःहून दुय्यम वागणूक पत्करू नये. म्हणून आपल्याला असे कारण शोधले पाहिजे, जे आपल्याइतकेच त्या गल्लीतल्या चार गाड्यांच्या मालकांनाही लागू पडेल. तसे कारण आहे का? आमच्या मते आहे, आणि एकाहून अधिक आहेत.

पहिले कारण चोरीचे. अमेरिकेत गाड्यांमधून बंदुका चोरीला जाण्याचे प्रमाण गेल्या दशकात फार वाढले. नॅशव्हिल शहराचे पोलीस अशा चोऱ्यांचे आकडे नियमित प्रसिद्ध करतात आणि गाडीत बंदूक सोडून जाऊ नका, असे लोकांना पुन्हा पुन्हा बजावतात. चोरलेली बंदूक कपाटात पडून राहत नाही, ती पुढच्या गुन्ह्यात वापरली जाते. मागच्या काचेवरची रायफल चोराला सांगते की येथे शोधून पाहायला हरकत नाही. स्टिकर लावणाऱ्याला वाटते आपण चोराला घाबरवतो आहोत. पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या, आत माणूस नसलेल्या गाडीला कोण घाबरणार? आपल्या पत्रलेखकांच्या गाडीत तर बंदूकच नाही, म्हणजे काच फुटायची ती उगाच.

दुसरे कारण रस्त्यावरच्या रागाचे. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतील मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या गाड्यांवर स्टिकर आणि तत्सम खुणा अधिक, ते चालक रस्त्यावरच्या भांडणात अधिक आक्रमक होतात, असे त्यात आढळले. विशेष म्हणजे मजकूर काय आहे याने फारसा फरक पडत नव्हता. शांततेचा संदेश असो की धमकीचा, खुणांची संख्या महत्त्वाची ठरली. गाडीला आपला मुलूख मानणारा माणूस कोणी पुढे घुसला की मुलखावर आक्रमण झाल्यासारखा पेटतो, अशी त्याची उपपत्ती आहे. एका अभ्यासावर सगळा भार टाकू नये हे खरे, पण पुण्या-मुंबईच्या सिग्नलवर उभे राहणाऱ्यालाही ही गोष्ट अनोळखी वाटणार नाही.

तिसरे कारण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीनुसार बंदूक बाळगणाऱ्या अमेरिकनांपैकी ७२ टक्के लोक संरक्षण हे प्रमुख कारण सांगतात. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण २०२१ मध्ये त्या देशात बंदुकीने जे ४८,८३० मृत्यू झाले, त्यांतले २६,३२८, म्हणजे निम्म्याहून अधिक, आत्महत्या होत्या. स्टिकरवरची रायफल मात्र बाहेरच्या शत्रूकडे रोखलेली असते. प्रत्यक्षात बंदुकीविषयी जे बोलायला हवे ते घरातले असते : कुलूप कोठे आहे, गोळ्या वेगळ्या ठेवल्या आहेत का, मुलाचा मित्र राहायला आला तर काय, घरात कोणाचे मन ठिकाणावर नसेल तर ती काही दिवस कोणाकडे ठेवायची. हे बोलणे तीन-चार शब्दांत मावत नाही. आणि ‘या आणि घेऊन जा’ हे वाचल्यावर असे बोलणे सुरू करायला कोणी धजत नाही. बंदूकहक्काचा समर्थक असला तरी विचारी माणसाला हा संवाद हवा असेल. स्टिकर तो संवाद बंद करतो.

येथे एक आक्षेप येईल. हक्क वापरला नाही तर तो गंजतो, दिसला नाही तर विसरला जातो, असे स्टिकर लावणारे म्हणतात. यात तथ्य आहे. आपणही मोर्चे काढतो, फलक धरतो, काळ्या फिती लावतो. पण मोर्चातल्या फलकामागे माणूस उभा असतो. त्याला प्रश्न विचारता येतो, त्याला उत्तर द्यावे लागते. ताशी शंभर किलोमीटरने जाणाऱ्या काचेला कोणी काय विचारणार? हक्कासाठी बोलायचे असेल तर टेक्सासमध्ये नगरपरिषदेच्या सभा आहेत, प्रतिनिधींना पत्रे आहेत, मतपेटी आहे. मुलगा पुढच्या वर्षी अठराचा होईल. त्याने मतदार म्हणून नाव नोंदवावे, हा आमचा त्याला पहिला सल्ला आहे.

हे सगळे अमेरिकेचे झाले, आपण सुटलो, असे येथल्या वाचकांनी समजू नये. भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीने लग्न-मिरवणुकीतल्या हवेतल्या गोळीबारालाही तुरुंगवासाची शिक्षा ठेवली. पण काचेवरून धमकी देण्याची हौस आपल्याकडेही आहे. कोणाच्या गाडीवर तलवारी, कोणाच्या गाडीवर पिस्तुलाचे चित्र, कोठे ठळक अक्षरांत जात, कोठे ‘नादाला लागू नका’. उत्तर प्रदेशात २०२० च्या अखेरीस वाहनांवरील जातीच्या उल्लेखांविरुद्ध मोहीम निघाली, तिचे निमित्त महाराष्ट्रातल्या एका शिक्षकाने केलेली तक्रार होते. २०२५ च्या सप्टेंबरात अलाहाबाद उच्च न्यायालयाने याच विषयावर पुन्हा निर्देश दिले. आपल्या वस्त्यांतही ७८६ चा शांत आकडा आणि त्याच्या शेजारी उपसलेली तलवार अशा जोड्या दिसतात. श्रद्धेची खूण कोठे संपते आणि शेजाऱ्याला दिलेला इशारा कोठे सुरू होतो, हे लावणाऱ्याला मनातून ठाऊक असते.

आमच्या वाचकाला आमचे उत्तर असे. स्टिकर काढा, पण रात्री गुपचूप काढू नका. मुलाला बरोबर घ्या. हेअर ड्रायरने काच थोडी गरम केली आणि प्लास्टिकच्या पट्टीने सावकाश खरवडले की गोंद निघतो. अर्धा तास लागेल. त्या अर्ध्या तासात त्याला सांगा की हा ठेवायचा हक्क तुला पुरेपूर आहे आणि कोणी तो नाकारला तर आपण त्याच्याशी भांडू. आपण तो काढतो आहोत कारण आपल्या घरात बंदूक नाही, आपल्याला कोणाला आव्हान द्यायचे नाही, आणि जे म्हणायचे आहे ते आपण समोरासमोर म्हणू शकतो. गल्लीतला एखादा शेजारी विचारील, का काढलात? तेव्हा त्याला ही कारणे सांगा आणि त्याची ऐकून घ्या. त्या चार गाड्यांवरच्या स्टिकरविषयी कदाचित हे पहिलेच बोलणे असेल.

येथल्या वाचकांनीही आज संध्याकाळी आपल्या गाडीच्या मागे जाऊन एकदा उभे राहावे. तेथे जे लिहिले आहे ते आपण अनोळखी माणसाच्या तोंडावर, त्याचे लेकरू शेजारी असताना, बोललो असतो का? उत्तर ‘नाही’ आले, तर अर्ध्या तासाचे काम आहे.