डंकीच्या वाटेवर मोबाईल कुणाच्या बाजूचा?

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीय अमृतसरला आणून सोडले. बहुतेक पंजाब, हरियाणा, गुजरातचे. पण महाराष्ट्रातलेही तिघे होते. चोरवाटेने परदेश गाठायच्या या धंद्याला तिकडे 'डंकी' म्हणतात, आणि तो चालतो मोबाईलवर.

एजंट ओळखीचा असला तरी पुढच्या देशातला माणूस म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक नंबर. कुठं थांबायचं, कुणाच्या गाडीत बसायचं, लोकेशन तोच पाठवणार. घरच्यांना वाटतं, पोरगं ऑनलाईन दिसतंय म्हणजे बरं आहे. गफलत इथंच होते. मे २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाला निघालेले पंजाबचे तिघे तेहरानला उतरले आणि त्यांचं अपहरण झालं. खंडणीची मागणी घरी आली ती फोनवरूनच. इराणी पोलिसांनी जूनमध्ये त्यांना सोडवलं म्हणून वाचले.

सगळेच वाचत नाहीत. गुजरातच्या डिंगुचा गावचं कुटुंब, नवरा-बायको आणि दोन लहान लेकरं, जानेवारी २०२२ मध्ये कॅनडातून पायी अमेरिकेत शिरताना इमर्सनजवळ गोठून मेलं. गाडी घेऊन पलीकडे थांबलेल्या ड्रायव्हरने आपल्या साथीदाराला मेसेज टाकला होता, की बर्फाचं वादळ आहे, सगळ्यांना तसे कपडे घालायला लाव. म्हणजे धोका माहीत होता बघा, तरी माणसं चालवलीच! पुढे कोर्टात हेच मेसेज पुरावा झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये दोघे दोषी ठरले. त्या चौघांना मात्र मोबाईलचा काही उपयोग झाला नाही.

सरकारी अ‍ॅपचीही हमी नाही. जानेवारी २०२३ पासून मेक्सिकोत थांबलेल्या लोकांना 'सीबीपी वन' अ‍ॅपवर अमेरिकेच्या सीमेवर हजर व्हायची वेळ मिळायची. नऊ लाखांवर लोक असे आत गेले. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी शपथ घेतली, त्याच दिवशी पुढच्या सगळ्या वेळा रद्द. लोक सीमेवर फोन हातात धरून रडत होते. मार्चमध्ये त्याच अ‍ॅपचं नाव 'सीबीपी होम' झालं. आता त्यावर, मी स्वतःहून देश सोडतोय, असं कळवायचं!

आपल्या तालुक्यातही कुणी परदेशातल्या नोकरीची बोली लावत असेल, तर पैसे देण्याआधी 'ई-मायग्रेट' या सरकारी पोर्टलवर त्या एजंटची नोंदणी बघा. हे काम मोबाईलवरच होतं.