ठणका थांबला म्हणून दाढ बरी झाली?

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या जयगडच्या बचत गटात एक वहिनी गालाला फडकं बांधून आल्या. मिश्री दाबून दिवस ढकलत होत्या. रूट कॅनाल मागेच सुरू केलं होतं, पण ठणका थांबला आणि पुढच्या खेपेला त्या गेल्याच नाहीत. रत्नागिरी इथून पन्नासेक किलोमीटर. एसटीचं भाडं, बुडालेला दिवस... बाईचं दुखणं नेहमी शेवटी! रत्नागिरीत २०२३मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्याचा आनंदच आहे. पण दाताच्या खेपा काही चुकत नाहीत.

खरी गोम अशी, की आतली नस काढली किंवा ती मेली की ठणका थांबतो, पण मुळातले जंतू राहू शकतात. दाढेला बहुधा तीन-चार नळ्या असतात. त्या साफ करून कायमच्या भराव्या लागतात. मधल्या काळातलं सिमेंट तात्पुरतं. ते झिजलं की जंतू पुन्हा आत. नुसत्या गोळ्यांनी हे भागत नाही. पुढे कॅपचा खर्च टाळला आणि चणे चावताना दाढ उभी चिरली, तर बहुतेक वेळा ती काढावीच लागते.

म्हणून पहिल्याच दिवशी विचारा, खेपा किती आणि कॅपसकट खर्च किती? मधुमेह, गरोदरपण लपवू नका. गाल सुजून ताप आला, गिळता येईना, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. (आणि वरची दाढ काढल्याने नजर जात नाही हो!)

गटाने भाड्याचे पैसे दिले. वहिनी परवा जाऊन एक्स-रे काढून आल्या. पुढची खेप सोमवारी आहे, सोबत मी जाणार आहे.